पुस्तकाविना टिकलेला धर्म : आपल्या कोकणातले बेने इस्राएल

आमच्या वर्गातला एक मुलगा शनिवारच्या सकाळच्या शाळेला कधीच यायचा नाही. ठाण्यातली मराठी शाळा, शनिवारी अर्धा दिवस, कवायत आणि चित्रकलेचा तास, आणि हा घरी. बाई त्याला त्याबद्दल काही विचारत नसत, कारण त्याच्या मोठ्या भावाच्या वेळेपासून ते ठरूनच गेलं होतं. आडनाव ‘कर’ने संपणारं, घरात अलिबागकडच्या वळणाची मराठी, डब्यात पोळी-भाजी. तो ज्यू आहे हे आम्हाला माहीत होतं, पण ज्यू असणं म्हणजे नेमकं काय करणं, हे मला मोठेपणी त्याच्या आईने समजावलं. मी तिला मावशी म्हणतो. स्वयंपाक करता करता, भाजी निवडता निवडता तिने जे सांगितलं, आणि नंतर त्याच्या आधाराने मी जे वाचलं, ते इथे मांडतो आहे.

धर्म म्हटला की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘तुमचा देव कोणता?’ ज्यू धर्मात या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपतं. ‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद’ : हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे. त्याला रूप नाही, मूर्ती नाही. त्याचं चार अक्षरांचं नाव ग्रंथात लिहिलेलं असतं, पण ते कोणी उच्चारत नाही; तिथे ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असं वाचतात. मेल्यानंतर माणसाचं काय होतं, स्वर्ग कसा असतो, यावर ज्यू पंडितांनी शतकानुशतकं वाद घातले, आणि त्या वादात वेगळं मत मांडलं म्हणून कोणी सहसा वाळीत पडत नाही. खरा विस्तार आहे तो आचाराचा. मोशेच्या पाच ग्रंथांना तोरा म्हणतात, आणि परंपरेने त्यात 613 आज्ञा मोजल्या आहेत. त्यातल्या कितीतरी जेरुसलेमच्या मंदिराशी बांधलेल्या होत्या. ते मंदिर रोमनांनी इसवी सन 70 मध्ये पाडलं आणि त्या आज्ञा पाळायची जागाच उरली नाही. मागे राहिलं ते घर, स्वयंपाक, शरीर आणि दिनदर्शिका. माझं म्हणणं असं, की कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, सगळी गोष्ट या चार शब्दांत आहे. त्यांच्याकडे शतकानुशतकं ना ग्रंथ होता, ना तो वाचणारा गुरू. तरी ते ज्यू राहिले, कारण जे राहायला हवं होतं ते पोथीपेक्षा चुलीजवळ आणि वारांमध्ये जास्त होतं.

आधी वाराचं सांगतो. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. त्याला शब्बाथ म्हणतात. सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी देव थांबला, म्हणून माणसानेही थांबायचं. हे थांबणं म्हणजे नुसती सुट्टी नाही. कोणती कामं करायची नाहीत याच्या 39 जाती ठरलेल्या आहेत : पेरणं, कापणी, दळणं, मळणं, विणणं, शिवणं, लिहिणं, खोडणं, विस्तव पेटवणं, विझवणं वगैरे. सृष्टीत बदल घडवणारी, काहीतरी नवीन बनवणारी कामं ती ही. म्हणून सनातनी घरांत त्या दिवशी गॅस पेटत नाही, गाडी चालत नाही, पैशांना हात लागत नाही. सगळे इतकं काटेकोर पाळतात असं नाही. मावशी फोन घेते, पण शिवणयंत्राला हात लावत नाही.

शुक्रवारी दुपारी तिच्या घरची लगबग पाहण्यासारखी असते. शनिवारचंही जेवण शुक्रवारीच शिजतं. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घातलेल्या असतात. त्या उकळून, कुस्करून, गाळून गडद रंगाचं शरबत होतं. ज्यू विधीत द्राक्षांच्या पेयावर आशीर्वाद म्हणतात त्याला किद्दूश म्हणतात, आणि विधीला चालणारी वाइन भारतात सहज मिळत नसल्याने बेने इस्राएलांनी हे मनुकांचं शरबत केव्हाच स्वीकारलं. पावाच्या जागी कित्येक घरांत चपात्या असतात. सूर्य मावळायच्या थोडं आधी घरातली बाई दिवा लावते. पूर्वी काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यावर तरंगणारी वात असे. मावशीकडे अजून तसा एक पेला आहे. ती दिव्यावरून हात फिरवून डोळ्यांवर धरते आणि पुटपुटते. मग मुलांच्या डोक्यावर हात ठेवले जातात, किद्दूश म्हटला जातो, आणि लोक जेवायला बसतात. पुरोहित नाही, देवघर नाही. जेवणाचं टेबल हीच पूजेची जागा.

आता हे लोक कोकणात आले कसे, याची त्यांची स्वतःची परंपरा अशी. पुष्कळ शतकांपूर्वी एक गलबत अलिबागच्या उत्तरेला, नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना किनाऱ्यावरच पुरलं. नवगावला ती जागा आजही दाखवतात आणि तिथे स्मारक आहे. गलबताबरोबर पोथ्या गेल्या. वाचलेली माणसं आसपासच्या गावांत पांगली आणि तेल गाळायच्या धंद्यात शिरली. घाणा शनिवारी बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. गावांवरून आडनावं पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, किहीमकर, झिराडकर, चेऊलकर, अष्टमकर. गलबत नेमकं कधी फुटलं याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र बेने इस्राएलांमध्ये पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा असा दोन्ही वारसा स्पष्ट दिसला. परंपरा आणि प्रयोगशाळा निदान एवढ्यापुरतं एकच सांगतात.

या माणसांच्या हाती काय उरलं होतं? शनिवार. जन्मानंतर आठव्या दिवशी मुलाची सुंता. शेमाचं ते एक वाक्य, जे लग्नात, बारशाला, मयताला, प्रत्येक प्रसंगी म्हटलं जाई, कारण दुसरी प्रार्थना पाठ नव्हती. काही सण. आणि खाण्यापिण्याचे नियम.

खाण्याबद्दलची एक गोष्ट या समाजात सगळ्यांना ठाऊक आहे. दावीद रहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. काहींच्या मते 18 व्या शतकात, काहींच्या मते त्याच्या कितीतरी आधी. शनिवारी काम न करणाऱ्या या तेल्यांबद्दल त्याला कुतूहल वाटलं. हे खरंच आपले का, हे पाहायला त्याने एका घरच्या बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले दोन्ही असलेले मासे एका बाजूला काढले, बाकीचे बाजूला सारले. विचारलं तेव्हा म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. तोरात नेमका हाच नियम आहे : पाण्यातल्या जिवांपैकी पर आणि खवले असतील तेच खावेत. म्हणजे पापलेट, रावस चालतात. कोलंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूल नाही. रहाबीची खात्री पटली. त्याने काही तरुण निवडून त्यांना शिकवलं, आणि त्यांच्या घराण्यांत पुढे ‘काजी’पद, म्हणजे समाजाचे विधी चालवण्याचा मान, चाललं. गोष्ट तंतोतंत अशीच घडली का, हा मुद्दा माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. एका समाजाने आपली ओळख पटवणारी कथा म्हणून वादात जिंकलेला पंडित किंवा चमत्कार न निवडता मासळी निवडणाऱ्या बायका निवडल्या, हे मला फार मोठं वाटतं. कोलंबी आणि खेकड्यांनी भरलेल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या त्या न खाणं सोपं नव्हतं.

स्वयंपाकाचा दुसरा मोठा नियम मांस आणि दूध एकत्र न आणण्याचा. ‘करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये’ हे वाक्य तोरात तीन वेळा येतं, आणि त्यावरून मटणाच्या जेवणात दूध, दही, लोणी, तूप काहीच नाही, काटेकोर घरांत भांडीसुद्धा वेगळी, इथपर्यंत आचार वाढला. जगभरच्या ज्यू स्वयंपाकिणींना यावर पर्याय शोधावे लागले. कोकणात पर्याय झाडालाच लागलेला होता. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, गोडालाही नारळाचं दूध. ज्यू नववर्षाला होणारा चिकाचा हलवा गव्हाचा चिक, नारळाचं दूध आणि साखर घालून तासन्‌तास घोटतात. तो मांसाच्या जेवणानंतरही चालतो. मावशीच्या घरी हलवा घोटायला पुरुषांना बसवतात, कारण चिक घट्ट होत आला की कालथा फिरवायला दंडात जोर लागतो. गोमांस धर्माला चालत असूनही शेजाऱ्यांच्या भावनेला मान देऊन पुष्कळ बेने इस्राएल घरांनी ते वर्ज्य मानलं.

दिनदर्शिकेचं नातं आणखी गमतीचं आहे. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर. महिना अमावास्येनंतर सुरू होतो, 29 किंवा 30 दिवसांचा असतो, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत 7 अधिक महिने धरतात. म्हणून त्यांचे पौर्णिमेजवळचे सण आपल्या पौर्णिमेजवळच येतात, फार तर एका महिन्याने सरकतात. ग्रंथ हाताशी नसताना या समाजाने हिब्रू नावं विसरली, पण सण विसरले नाहीत. त्यांना कोकणातली नावं दिली. नववर्ष हा ‘नव्याचा सण’. पुरीम फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास, तो ‘होळीचा सण’. प्रायश्चित्ताचा कडक उपासाचा दिवस, योम किप्पूर, त्या दिवशी पांढरे कपडे घालून दारं लावून घरात बसायचं, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दानधर्म व गाठीभेटी करायच्या तो ‘शिळा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाच्या दिवशी मांस न खाता वालाचं बिरडं करायचं, म्हणून ‘बिरड्याचा सण’. वल्हांडणात आंबवलेलं काही घरात ठेवायचं नसतं, तर तो सण आंबट कालवणाचं मडकं झाकून ठेवण्यावरून ओळखला जाई. म्हणजे या सणामागची, इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची कथा कदाचित नीट आठवत नव्हती, पण मडकं कधी झाकायचं ते पक्कं आठवत होतं. जुन्या यादीत हनुक्का नाही. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या घटनेचा उत्सव, आणि आपले पूर्वज त्याआधीच निघाले होते याचा हा पुरावा, असं समाजातले जाणते मानतात.

एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बेने इस्राएल घरात तुम्हाला सगळ्यात आधी त्याचंच चित्र दिसेल : आभाळात झेपावणारे घोडे, अग्नीचा रथ, त्यात दाढीवाला संदेष्टा. बायबलात एलिया मरत नाही, रथातून वर जातो. म्हणून तो कधीही, कुठेही येऊ शकतो अशी श्रद्धा सगळ्याच ज्यूंमध्ये आहे. कोकणात तो खरोखर आला. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकाच्या खुणा दाखवतात. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, झाडांच्या नववर्षाच्या दिवशी, लोक तिथे जमतात. त्याच्या नावाने नवस बोलतात आणि फेडताना मलिदा करतात. ताटात भिजवलेल्या पोह्यांचा ढीग, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं, वास घेण्यासाठी सब्जाची पानं किंवा गुलाब. हिब्रू आशीर्वाद एकेका वस्तूवर वेगळा म्हणायचा असतो. झाडाच्या फळाला वेगळा, जमिनीतून आलेल्याला वेगळा, सुवासाला वेगळा. सफरचंद झाडाचं फळ. केळं मात्र जमिनीचं, कारण केळीला लाकडी खोड नसतं आणि घड आला की ती मरते. पहिल्यांदा मलिद्याला बसलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला हा फरक एवढ्या आस्थेने समजावला की केळं हातात धरून मी ऐकतच राहिलो. कोणतंही फळ तोंडात घालण्याआधी ते कुठून आलं हे आठवणं, एवढंच त्या आशीर्वादांचं काम.

ग्रंथ या समाजात परतला तो 18 व्या आणि 19 व्या शतकांत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत बेने इस्राएल शिपाई आणि अधिकारी पुष्कळ होते. त्यांपैकी सॅम्युएल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, आणि सुटका झाली तर प्रार्थनास्थळ बांधीन असा त्यांनी नवस केला, असं सांगतात. 1796 मध्ये मुंबईत मांडवीजवळ त्यांनी शार हारहामीम उभं केलं, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं. मग कोचीचे ज्यू शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरीही आले; जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. ते धर्मांतराच्या आशेने आले होते. समाजाने त्यांच्याकडून हिब्रू शिकून घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे तर अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांवर चक्क कीर्तनं होऊ लागली, झांजा-पेटीसकट, ओव्या आणि साक्यांमध्ये.

सिनेगॉगच्या आत काय असतं? भारतात बहुधा पश्चिमेच्या, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत एक कपाट, त्यात तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्या. चर्मपत्रावर बोरूने लिहिलेली 3,04,805 अक्षरं. एक अक्षर जरी तुटलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचायला चालत नाही. दर शनिवारी एक भाग वाचतात, वर्षभरात तोरा संपते, आणि संपते त्याच दिवशी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करतात. मधोमध चौथरा, तिथून हाझान प्रार्थना चालवतो. रब्बी म्हणजे पुजारी नव्हे, शिकलेला, निवाडा देऊ शकणारा माणूस. बेने इस्राएलांकडे रब्बी कधी नव्हतेच, आणि प्रार्थनेला ते लागतही नाहीत.

लागतात ती दहा माणसं. याला मिनयान म्हणतात, आणि आज या समाजापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. एकट्याने प्रार्थना करता येते, पण तोराचं जाहीर वाचन, आणि काही ठराविक प्रार्थना, यांना तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हवेतच. सुधारक पंथ बायकांनाही मोजतात. इकडची परंपरा सनातनी आहे. दहाच का? तोरात कनान देश पाहून घाबरून परतलेल्या दहा हेरांना उद्देशून ‘मंडळी’ हा शब्द आला आहे, त्यावरून हा आकडा घेतला. म्हणजे मंडळी व्हायला माणसं संत असावी लागत नाहीत, भेदरलेली आणि चुकलेली दहाही पुरतात. पण नऊ संतांची मात्र मंडळी होत नाही.

मित्राचे वडील पेणला वारले तेव्हा मी तिथे होतो. ज्यू मयताला उशीर करत नाहीत. त्याच दिवशी अंघोळ घालून, साध्या पांढऱ्या कापडात गुंडाळून दफन केलं. श्रीमंत असो की गरीब, कापड तेच, अंगावर दागिना नाही. त्यानंतर सात दिवस घरचे जमिनीवर बसतात, लोक भेटायला येतात आणि संध्याकाळी प्रार्थना होते. त्यात मुलाने कद्दीश म्हणायचा असतो. कद्दीश आरामाईक भाषेत आहे, आणि त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, सगळी देवाची स्तुती. जवळचं माणूस गेल्यावर ज्या क्षणी देवावर रागावावंसं वाटतं, त्या क्षणी चारचौघांत उभं राहून त्याची थोरवी म्हणायची. आणि ती एकट्याने म्हणायची मुभा नाही.

तिसऱ्या संध्याकाळी नऊ जण होते. अलिबागहून निघालेला एक जण वडखळला अडकला होता. खोलीत आम्ही पुरुष दहा होतो, पण मी मोजण्यात नव्हतो, आणि कोणी तसं बोलूनही दाखवलं नाही. मित्र प्रार्थनेचं पुस्तक उघडून भिंतीशी उभा होता. त्याचे काका मोबाईलवर एकेकाला विचारत होते, कुठवर आलास. बायका आतल्या खोलीत गप्प. लहानपणापासून ज्या घरात मी जेवलो, त्या घराच्या दुःखात मी सगळ्या अर्थांनी सामील होतो आणि तरी ती एक जागा मला भरता येत नव्हती. मला त्याचा राग आला नाही. उलट त्या आकड्याची ताकद तेव्हा पहिल्यांदा कळली. तुझ्या बापाच्या कद्दीशला मी आलोच पाहिजे, माझ्याशिवाय तुला तो म्हणताच येणार नाही, असं हा नियम प्रत्येकाला बजावतो. भांडलेले भाऊ, कंटाळलेले शेजारी, कधी सिनेगॉगला न फिरकणारे, सगळ्यांना तो घराबाहेर काढतो. दहावा माणूस पोचला तेव्हा काळोख पडला होता. त्याने चप्पल काढता काढताच डोक्यावर टोपी चढवली आणि प्रार्थना सुरू झाली.

एके काळी हा प्रश्न नव्हता. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएल साधारण 20 हजार होते. रेल्वे, पोस्ट, कस्टम, शाळा, दवाखाने सगळीकडे त्यांची माणसं. डॉ. ई. मोझेस 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले, वरळीतला रस्ता त्यांच्याच नावाचा. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांना 1966 मध्ये पद्मश्री मिळाली. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड, मूळचे चेऊलकर. कवी निस्सीम इझिकेल याच समाजातले. मग 1948 मध्ये इस्रायल झालं आणि निघणाऱ्यांची रीघ लागली. कोणी त्यांना हाकललं नव्हतं, याचा अभिमान आपल्याला जरूर वाटावा. पण वर्षानुवर्षं प्रार्थनेत ‘पुढच्या वर्षी जेरुसलेमात’ म्हणणाऱ्यांना दार उघडल्यावर जावंसं वाटलं, आणि इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांची धाकधूकही होती.

तिथे त्यांच्या वाट्याला आलेली एक गोष्ट मला अजून टोचते. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या ताब्यात असतात. 1961-62 मध्ये धर्मपीठाने बेने इस्राएलांना ज्यू मानलं, पण लग्नाआधी आई, आजी, पणजी अशी मागे जाईल तितकी चौकशी करावी असा आदेश काढला. शंका अशी, की रब्बी नसलेल्या या समाजात घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले नसतील. तसा झाला नसेल तर त्या बाईचं दुसरं लग्न अवैध आणि त्यातली मुलं इतर ज्यूंशी लग्नाला अपात्र ठरतात. शास्त्राच्या चौकटीत तर्क बरोबर असेल. पण मासळीच्या पाटीपासून सगळं राखून आलेल्या माणसांना हे ऐकावं लागलं. त्यांनी जेरुसलेमात धरणं धरलं, आणि 1964 मध्ये संसदेने आणि पंतप्रधान एश्कोल यांनी त्यांची बाजू घेतल्यावर धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. आज तिथे भारतीय वंशाचे सुमारे 80 हजार ज्यू आहेत, अश्दोद, दिमोना, लोद, रामला, बीरशेबा अशा गावांत. तिथे 1 मेला महाराष्ट्र दिन होतो, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे.

इकडे उरलेत ते देशभरात मिळून पाच हजारांच्या आसपास, बहुतेक ठाणे-मुंबईत. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ, रेवदंडा आणि पनवेलची बेथ एल ही सिनेगॉगं उभी आहेत. मिनयान मात्र जमवावा लागतो. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचा रोजच्या आयुष्यातला उपयोग मावशीने मला फार साधा सांगितला : फॉर्मवर ‘इतर’ लिहावं लागत नाही.

कारण रोजची अडचण तीच असते. सुंता आहे, देव एक, म्हणजे मुसलमान का? बायबलातली नावं, म्हणजे ख्रिश्चन का? आडनाव तर आपलं, मग हे काय? मावशी एवढ्यावर कधी चिडत नाही. तिला दुखतं ते टीव्हीवर गाझाच्या बातम्या लागल्या की लोक तिच्याकडे वळून पाहतात तेव्हा. कोणी तिला शाबासकी देतं, कोणी जाब विचारतं. रेवदंड्यात जन्मलेल्या, आयुष्य ठाण्यात काढलेल्या बाईला दुसऱ्या देशाच्या सरकारबद्दल दोन्हीपैकी काहीही देणं अन्यायाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. तिची बहीण तिकडे आहे, भाचे सैन्यात आहेत, तिला काळजी आहे, आणि मेलेल्या मुलांची चित्रं पाहून ती जेवत नाही. यापलीकडचं तिला विचारायचा हक्क कोणाला नाही.

सिनेगॉग पाहायचं असेल तर आधी फोन करून विचारावं. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून बंदोबस्त असतो आणि ओळखपत्र लागतं. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी तिथेच मिळते. शनिवारी आत फोटो काढायचे नाहीत. नववर्षाच्या सुमारास गेलात आणि कोणी घरी नेलं तर चिकाचा हलवा पुढे येईल. तुम्ही काही न्यायचं असेल तर घरी केलेलं नेऊ नका, त्यांच्या स्वयंपाकाचे नियम वेगळे. फळं न्या, ती सगळ्यांना चालतात.